कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : एका कारखान्याचे वळण

प्रतिवर्षी आपल्या ज्ञातिसंघाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र यावे, ही प्रथा वाचक बंधुभगिनींच्या परिचयाची आहे. यंदा ते काम कार्यकारी मंडळाने आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकाकडे सोपविले. आमचे शिक्षण मॅट्रिकपावेतोचे. हयात खडू-फळ्यात गेलेली. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. आम्ही निवडलेले चरित्रनायक आपल्या ज्ञातीचे नव्हते, आपल्या जिल्ह्याचेही नव्हते. मग हेच का, असे कोणी विचारील. आणि मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी तसे विचारलेही.

त्याचे कारण असे. बाळकुम, ढोकाळी, कोलशेत, माजिवडे येथील ज्या घरांत ही स्मरणिका जाते, त्यांपैकी बहुतेक घरांतला एक तरी पुरुष कारखान्याच्या भोंग्यावर उठलेला आहे. आपले आजे-पणजे भातशेती, मिठागरे आणि खाडी ह्यांवर जगले. पुढे कोलशेत रस्त्याला कारखाने आले, ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली, आणि शेताच्या बांधावरून आपली मुले थेट यंत्रापुढे जाऊन उभी राहिली. त्या कारखान्यांनी आपल्याला पगार दिला, भविष्यनिर्वाह निधी दिला, कौलांच्या जागी स्लॅब दिला. आज त्यांतील कितीतरी कारखाने उरले नाहीत; त्यांच्या जागी गगनचुंबी इमारती आहेत. कारखाना गेला ह्याचे दुःख आपण पुष्कळ केले. परंतु तो असताना त्यातून नवी वस्तू निघते कशी, एकाला सुचते ते दहांचे कसे होते, हे जाणून घेण्याची हौस आपण केली काय? तशी हौस करणाऱ्या आणि इतरांना करू देणाऱ्या एका माणसाचे हे चरित्र आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर ह्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकांत मुलाचे मन रमेना. चित्रे काढावी, यंत्र दिसले की त्याच्या पोटात काय आहे ते पाहावे, ह्यात गोडी. वडीलबंधू रामूअण्णा ह्यांनी पाठीशी उभे राहून त्यांस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाऊ दिले. काही काळाने असे आढळून आले की, त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट कळत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर हा घालाच होता. त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांची आरेखने करण्याचे शिक्षण घेतले आणि त्याच विद्येच्या बळावर भायखळ्याच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळविली. हीच संस्था पुढे माटुंग्यास गेली व आज व्ही. जे. टी. आय. म्हणून आपल्या मुलांना ठाऊक आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आरेखन शिकविणाऱ्याचे काम कागदावर संपते. लक्ष्मणरावांचे तेथे संपले नाही. ते कर्मशाळेत जात, यंत्रांना हात लावीत, जी रेषा आपण फळ्यावर ओढली ती लोखंडात कशी उतरते हे पाहात. परदेशी नियतकालिके व यंत्रांची सूचिपत्रे हे त्यांचे आवडते वाचन. पदवी त्यांच्यापाशी नव्हती. ज्यास आपण इंजिनियर म्हणतो तसे प्रशस्तिपत्र त्यांना कोणी दिले नाही. आम्ही स्वतः छत्तीस वर्षे शिकविले, पण वर्गाबाहेरच्या कामात शिक्षकाने हात काळे करावे, असे आम्हांला कधी वाटले नव्हते, हे येथे कबूल करून टाकतो.

बेळगावास रामूअण्णांच्या साहाय्याने सायकलींच्या विक्रीचा व दुरुस्तीचा व्यवसाय १८८८ साली सुरू झालेला होता. पुढे टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांस डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला व ते बेळगावास आले. मुंबईची कायमची नोकरी सोडणे त्या काळी किती अवघड होते, हे सांगावयास नको. आजही आपल्या घरांत असे कोणी केले तर चार वडीलधारी माणसे त्यास समजावयास बसतील.

सायकलींच्या दुकानातून शेतीच्या अवजारांकडे ते वळले. आधी कडबा कापण्याचे यंत्र निघाले. नंतर १९०३ साली लोखंडी नांगर. विलायतेहून येणाऱ्या नांगरांस तोडीस तोड असा नांगर आपल्याकडे व्हावा, ही आकांक्षा होती. नांगर झाला, परंतु घेईना कोणी. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. दोन वर्षे! माल पडून, पैसा अडकून, आणि येणारा-जाणारा हसून पुढे जात आहे, अशा स्थितीत साधारण कारखानदार काय करील? शेतकरी अडाणी आहे असे म्हणेल व दुसरा धंदा पाहील. लक्ष्मणरावांनी नांगर सोडला नाही, आणि शेतकऱ्यासही सोडले नाही.

आमच्या मते किर्लोस्करांच्या कारखान्याचे जे वळण पुढे पडले, त्याचे बीज ह्या दोन वर्षांत आहे. नांगर हे असे अवजार आहे की, त्याचा परीक्षक कारखान्यात नसतो. तो बांधावर असतो. काळ्या जमिनीत फाळ किती खोल जातो, माळावर दगडाला लागून बोथटतो काय, बैलांच्या खांद्यावर ओढ किती येते, ह्या गोष्टी मेजावर बसून कळत नाहीत. ओतीव लोखंड कठीण केले तर ते ठिसूळ होते, मऊ ठेवले तर झिजते; ह्या दोहोंच्या मधली वाट भट्टीपाशी उभा असलेला ओतारी आणि शेतात नांगर धरणारा कुणबी ह्या दोघांच्या बोलण्यातूनच सापडावयाची. तेव्हा तक्रार घेऊन आलेला माणूस हा शत्रू नसून बिनपगारी शिक्षक आहे, असे मानणे हा नांगर करणाऱ्याचा धर्मच ठरतो. पुढील काळात किर्लोस्करांचा नांगर महाराष्ट्र-कर्नाटकात घरोघर गेला, तो नुसत्या स्वदेशीच्या लाटेवर गेला असे आम्हांस वाटत नाही.

धंद्यास बरे दिवस येत होते तोच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडण्याची नोटीस दिली. तेथे नवी वस्ती व्हावयाची होती. कारखाना म्हणजे पेटारा नव्हे की उचलला आणि नेला. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस आले. औंध येथील देवीच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांनी केलेले असल्यामुळे बाळासाहेबांना त्यांच्या कर्तबगारीची पारख होती. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांनी वसविलेला ओसाड माळ. पाणी नाही, सावली नाही. मार्च १९१० मध्ये सुमारे पंचवीस कामगार, त्यांची बायकामुले आणि किर्लोस्कर कुटुंब त्या माळावर येऊन राहिले. लक्ष्मणराव तेव्हा चाळीस वर्षांचे होते. थोरले चिरंजीव शंतनुराव सहा वर्षांचे. पत्नी राधाबाईंनी त्या माळावर संसार कसा मांडला असेल, हे आमच्या भगिनीवर्गाने मनात आणावे. चरित्रकार पुरुष असला की अशा गोष्टी एका ओळीत संपतात, आणि आमच्याही हातून तेच होत आहे.

ह्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. परदेशांत कारखान्याभोवती कामगारांची टुमदार गावे वसविली जातात, हे लक्ष्मणरावांनी वाचले होते. तसे गाव आपण वसवावे, हे त्यांचे जुने स्वप्न. आता पाहा, त्या गावात माणसे कोण जमली? रामूअण्णा व्यवस्थापक झाले आणि गावाची आखणीही त्यांनीच केली. शंभुअण्णा जांभेकर यंत्रांचे काम पाहू लागले. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळू लागले. अनंतराव फळणीकर हे शाळा सोडलेले गृहस्थ. ते तेथे कामातून इंजिनियर झाले. आणि गावाची राखण कोणाकडे? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ह्यांच्याकडे, जे पूर्वी शिक्षा भोगून आलेले होते. ज्यांच्या नावाने लोक दारे लावून घेत, त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी दाराच्या किल्ल्या दिल्या. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा दंडक होता. १९१० नंतरच्या त्या वर्षांत, सनातनी वातावरणात, हे किती धाडसाचे होते ते वेगळे सांगावयास नको.

ह्या दंडकाकडे आपण केवळ समाजसुधारणा म्हणून पाहातो. आम्हांस त्यात कारखानदारीही दिसते. विचार करा : भट्टीपाशी चार माणसे उभी आहेत. त्यांपैकी एकाने दुसऱ्याच्या हातचे पाणी घ्यावयाचे नाही, तिसऱ्याने वरच्याशी नजर वर करून बोलावयाचे नाही, चौथ्याला साचा कोठे फुटतो हे दिसते आहे पण त्याने सांगितले तर आगाऊपणा ठरतो. अशा ठिकाणी नवे काय निघणार? जेथे बोलण्यास भीती आहे तेथे साचा उद्याही फुटेल आणि परवाही फुटेल. ज्ञातिसंघाच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस किंचित संकोच होतो, परंतु लिहिलेच पाहिजे. आपण ज्ञाती म्हणून एकत्र येतो ते एकमेकांस हात देण्याकरिता. यंत्रापुढे उभे राहिल्यावर मात्र हाताची जात विचारून चालत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी नांगरांची आवक रोडावली व किर्लोस्करांच्या मालास मागणी वाढली. पण ज्या युद्धाने गिऱ्हाईक दिले त्यानेच कच्चा मालही दुर्मीळ केला. बाहेरून येणारी वस्तू मिळेनाशी झाली की तिच्या ऐवजी काय वापरता येईल, हे शोधणे भाग पडले. युद्धानंतर, १९२० साली, किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली. नांगरामागून उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, हातपंप, पुढे यंत्रावर चालणारे पंप, लोखंडी फर्निचर अशा वस्तू निघत गेल्या. ही यादी वाचकांनी ओझरती वाचू नये. ह्यातील बहुतेक प्रत्येक वस्तू शेतकऱ्याच्या आदल्या वस्तूच्या पुढची पायरी आहे. नांगराने जमीन उलथली की पाणी पाहिजे. पाणी आले की ऊस. ऊस आला की चरक. गिऱ्हाइकाच्या दारात एकदा पाऊल टाकले की त्याच्या घरातील पुढली अडचण दिसते, आणि तीच कारखान्याची पुढली वस्तू होते.

त्याच १९२० साली आणखी एक गोष्ट झाली. पुतणे शंकरराव, जे जाहिरातीचे काम पाहात व स्वतः चित्रकार होते, त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक सुरू केले. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकाकडे जावी, हा मूळ हेतू. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे आली. लोखंड ओतणाऱ्या गावातून महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत विचारांची तीन मासिके जावीत, हा चमत्कार इतरत्र क्वचितच घडला असेल. आमच्या लहानपणी बाळकुमात एका मास्तरांच्या घरी जुन्या अंकांचा गठ्ठा होता. त्यातील चित्रे पाहण्यासाठी आम्ही त्यांचे पाणी भरत असू.

आता एक आठवण सांगतो, जी ह्या चरित्राशी जोडलेली आहे. आम्ही ज्या शाळेत होतो तेथील अंगणात एक हापसा होता. एका उन्हाळ्यात तो नुसता खडखडे, पाणी वर घेईना. सातवीतला एक मुलगा मधल्या सुटीत कोठून तरी पाना घेऊन आला व त्याने हापशाचे डोके उघडले. आम्ही पाहिले तेव्हा दांडा, नट आणि सळई जमिनीवर मांडलेली होती, आणि तो आतील झिजलेला चामड्याचा वायसर बोटांत धरून बघत होता. आम्ही त्यास सर्वांदेखत छड्या मारल्या. शाळेची वस्तू विना परवानगी उघडली, हा गुन्हा. तो काय शोधत होता हे आम्ही विचारलेही नाही. चार दिवसांनी बाहेरचा मिस्त्री आला, त्याने तोच वायसर बदलला आणि पैसे घेऊन गेला. मुलाने ते पाहिले. आम्हीही पाहिले. दोघेही काही बोललो नाही.

तो मुलगा पुढे फिटर झाला व जवळच्याच एका कारखान्यात लागला. पुष्कळ वर्षांनी भेटला तेव्हा त्याने सांगितले की, एका पंपाची गळती कशी थांबवावी हे त्याला सुचले होते. त्याने ते वरच्यांना सांगितले. सांगितले तेवढे काम करावे, असे उत्तर मिळाले. तो असेही म्हणाला, आणि हसत म्हणाला, की शाळेत असतानाच ह्याची सवय झालेली असल्यामुळे फारसे वाईट वाटले नाही. ते वाक्य आम्ही विसरू शकलेलो नाही.

म्हणून किर्लोस्करांच्या वाडीकडे आम्ही केवळ यशस्वी धनिकाचे गाव म्हणून पाहू शकत नाही. सुचलेले बोलावे ही जशी सवय आहे, तशी गप्प बसावे हीसुद्धा सवयच आहे. दोन्ही लहानपणी लागतात आणि दोन्ही लावणारे कोणी तरी असते. जगात ज्यांनी हे ओळखले त्यांनी त्याची पद्धतच केली. स्कॉटलंडमधील डम्बार्टन येथे विल्यम डेनी ह्यांच्या जहाजबांधणीच्या गोदीत १८८० सालीच कामगारांच्या सुधारणांस बक्षिसे देण्याची योजना सुरू झाली. जपानच्या टोयोटा कंपनीने १९५१ साली कामगारांच्या सूचना रीतसर मागविण्यास आरंभ केला, आणि तिच्या मोटारी आज आपल्या घोडबंदर रस्त्यावरून धावत आहेत. लक्ष्मणरावांनी अशी काही नियमावली बांधल्याचे आमच्या वाचनात नाही. त्यांची पद्धत घरगुती होती : मालकाने स्वतः यंत्रापाशी उभे राहावे, माणूस त्याच्या हातावरून पारखावा, कागदावरून नव्हे, आणि बिघडलेली वस्तू लपवून न ठेवता सर्वांसमोर उघडावी.

दोषही सांगितला पाहिजे, कारण नुसती आरती ओवाळण्याने चरित्र होत नाही. मालकाच्या गावात मालकाचा शब्द अखेरचा असतो. मालक लक्ष्मणरावांसारखा असेल तर ठीक. नसेल तर तेच गाव पिंजरा होते. शिवाय त्या वाडीतील जांभेकर, फळणीकर अशी चार-पाच नावे आपल्यापर्यंत पोहोचली. ज्या ओताऱ्यांनी, सुतारांनी, घिसाड्यांनी नांगराच्या फाळात लहानसहान सुधारणा केल्या असतील, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. लक्ष्मणरावांच्या मोठेपणास त्याने उणेपणा येत नाही, पण हिशेब पुरा होत नाही, एवढे खरे.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे यंत्रविद्या शिकून १९२६ साली परत आले व कारभारात पडले. पदवी नसलेल्या बापाने पदवीधर मुलाच्या हाती धंदा सोपविला. असे करताना पुष्कळ बापांचा हात अडखळतो, हे आम्ही आपल्याच घरांत पाहिले आहे. १९४१ साली हरिहर येथे लेथ करणारा कारखाना, १९४६ साली पुण्यास तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा आणि बंगळुरास विजेच्या यंत्रांचा, अशा शाखा फुटल्या. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर ज्या दंगली उसळल्या त्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. अडतीस वर्षांपूर्वी निवडुंग उपटून जे उभे केले त्याची राख झालेली त्यांच्या नशिबी आली. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. कुंडल रोड हे स्थानकाचे नाव जाऊन तेथे किर्लोस्करवाडी ही पाटी आली; पुणे-मिरज मार्गाने जाणाऱ्यांस ती आजही दिसते.

हे चरित्र लिहावयास घेतले त्याच आठवड्यात आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप बंद पडला. कारखाना बंद झाल्यापासून आमचा तो विद्यार्थी आसपासच्या इमारतींचे पंप दुरुस्त करतो, त्यालाच बोलाविले. त्याच्याही केसांत आता पांढरे आले आहेत. त्याने पंप उघडला तशी इमारतीतील पाच-सात मुले भोवती गोळा झाली. त्याने कोणाला हाकलले नाही. एका लहान मुलीने आतील चकतीकडे बोट दाखवून काही विचारले; त्याने चकती तिच्या तळहातावर ठेवली आणि मग पानाही तिच्या हाती दिला. नट तिच्याने हलेना. त्याने वरून आपला हात धरला. आम्ही गळणाऱ्या पाण्याखाली बादली धरून उभे होतो.